फ्री-फ्लो लावल्यावर ३९० ड्यूक झटके मारते, रीमॅप करावा का?

प्रश्न थोडक्यात असा: कराडची २०२० सालची बीएस-६ केटीएम ड्यूक ३९०, तीस हजार किलोमीटर चाललेली. मालकाने स्लिप-ऑन फ्री-फ्लो सायलेन्सर (मागचा डबा तेवढा बदलणारा, धूर मोकळा सोडणारा) आणि धुऊन वापरायचा एअर फिल्टर बसवला. तेव्हापासून गावातल्या रहदारीत साडेतीन-चार हजार आरपीएमला गाडी झटके मारते, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि ॲव्हरेज २८ वरून २४ वर आलं. एक दुकानदार म्हणतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काढून कुरिअरने पाठवा, 'स्टेज वन' फाइल (बदललेले पेट्रोल-ठिणगीचे तक्ते, म्हणजे रीमॅप) टाकून देतो, पाच हॉर्सपॉवरची गॅरंटी. दुसरा म्हणतो, रीमॅप नको, ईसीयूला बाहेरून जोडायची पिगीबॅक डबी लावा. कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच नको. आणि ईसीयू तर गाडीतून बाहेर काढूच नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी निदान दोन अशा आहेत, की त्यांचा मॅपशी संबंध असण्याची शक्यता फार थोडी. का, ते सांगतो. उत्तर लांबेल, पण 'करा' किंवा 'नको' एवढंच सांगून मोकळा झालो तर महिन्याभरात तुम्ही तिसऱ्या दुकानदाराच्या दारात उभे असाल.

मी पुण्यात हे काम करतो. सुरुवात कार्ब्युरेटरवर झाली. जेटचं भोक बारीक तारेने मोठं करणाऱ्या आणि प्लगचा रंग बघून 'हवा जास्त आहे रे' म्हणणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. त्यांचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघायचा, कारण तेव्हाची गाडी चूक पोटात घालायची. आजची गाडी चूक पोटात घालत नाही, ती चूक दुरुस्त करायला जाते. आणि ती काय दुरुस्त करतेय हे आपल्याला कळलं नाही, तर आपण तिच्याशी भांडत बसतो.

आधी मॅप म्हणजे काय ते बघू. ईसीयूला हवा दिसत नाही. इंजिनात या घडीला किती हवा शिरली हे मोजायचं साधन बहुतेक मोटारसायकलींत नसतं. मग तो अंदाज बांधतो. थ्रॉटल किती उघडलाय, आरपीएम किती, इनटेकमधला दाब किती, हवेचं आणि इंजिनाचं तापमान किती, एवढ्यावरून तक्त्यात बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. कारखान्यात कोणीतरी महिनोन्महिने इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, बसून हा तक्ता भरलेला असतो. पंगतीतला आचारी जसा किती पानं मांडलीत ते बघून भात टाकतो, तसं हे काम आहे. प्रत्यक्ष कोण किती जेवणार, हे त्याला माहीत नसतं.

मग चुकलं तर? त्यासाठी वाढपी असतो. इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपवर बसवलेला लॅम्डा सेन्सर, ज्याला सगळे ओटू सेन्सर म्हणतात, तो धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो आणि ईसीयूला सांगतो, 'भात उरला' किंवा 'भात कमी पडला'. कंपनीच्या गाडीत बसतो तो नॅरोबँड. त्याला एवढीच दोन वाक्यं येतात. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असलं की व्होल्टेज ०.९ च्या जवळ, लीन (पेट्रोल कमी) असलं की ०.१ च्या जवळ, आणि ०.४५ च्या आसपास तो झटकन कूस बदलतो. किती उरला, किती कमी पडला, हे त्याला सांगता येत नाही. ईसीयू त्याच्या भरवशावर पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं घटवतो आणि बरोबर मध्यावर, म्हणजे लॅम्डा १ वर (हवा-पेट्रोल अगदी प्रमाणात; एकाच्या खाली गेलं की रिच), झुलत राहतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तिन्ही प्रकारचं प्रदूषण एकाच वेळी साफ करायला मिश्रण याच अरुंद पट्ट्यात लागतं, म्हणून बीएस-६ गाडी रोजच्या चालीत इथून हलत नाही.

पूर्ण रेस पिळली की गोष्ट वेगळी. तिथे ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि तक्त्यावर विसंबतो. हा ओपन लूप. ताकद आणि पिस्टनचा थंडावा, दोन्हींसाठी तिथे मिश्रण मुद्दाम रिच ठेवलेलं असतं, लॅम्डा ०.८७ ते ०.९० च्या घरात.

आता तुमची तक्रार बघा. झटके रहदारीत, साडेतीन-चार हजारांवर, थोड्याशा रेसवर. हा अगदी क्लोज्ड लूपचा मुलूख. स्लिप-ऑनने आणि फिल्टरने हवा दोन-चार टक्के बदलली असेल, तर ती चूक ईसीयू इथे आपली आपण निस्तरतो. त्याच्या ट्रिमची, म्हणजे पेट्रोल स्वतःहून वाढवण्या-घटवण्याची, मर्यादा यापेक्षा बरीच जास्त असते. मग तरीही गाडी झटके मारते याचा अर्थ काय? एक तर वाढपीच खोटं बोलतोय, किंवा रेस उघडता-मिटताना होणाऱ्या क्षणिक बदलाची गडबड आहे, किंवा झटका इंजिनातून येतच नाही. या तिन्हींवर कुरिअरने आलेल्या फाइलचा इलाज चालत नाही.

वाढपी खोटं कसं बोलतो, ते मी पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून एक मुलगा एकसिलिंडर गाडी घेऊन आला. पूर्ण सिस्टिम बदललेली, बेंड पाइपसकट. मी वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा सेन्सर, लावला, आकडे लीन दिसले, पेट्रोल वाढवलं. पुन्हा लीन. पुन्हा वाढवलं. चार वेळा मॅप बदलला, साडेतीन हजारांच्या आसपासच्या रकान्यांत बारा टक्क्यांपर्यंत गेलो, आणि गाडी सुधारायच्या ऐवजी गुदमरायला लागली. प्लग काढला तर काजळीने माखलेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंग जुनंच ठेवलं होतं. हळू आरपीएमला एका सिलिंडरचा धूर सलग वाहत नाही, ठोके पडतात, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तेवढ्यात त्या फटीतून ताजी हवा आत ओढली जायची. सेन्सर म्हणायचा, ऑक्सिजन भरपूर आहे, गाडी लीन आहे. मी, शहाणा माणूस, त्याचं ऐकून पेट्रोल ओतत होतो. पुढे तर कहर झाला. प्लग काजळून मिस मारायला लागला, आणि न जळलेल्या मिश्रणातला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर पडल्याने सेन्सरला गाडी आणखी लीन दिसू लागली. गाडी पेट्रोलने तुडुंब, आणि मीटर सांगतंय उपाशी आहे! नवीन पॅकिंग बसवलं, मूळ मॅप परत टाकला, आणि तो मुलगा मूळ मॅपवरच घरी गेला. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, घ्यायला तोंडच नव्हतं.

म्हणून तुमच्या गाडीचं पहिलं काम: सायलेन्सर बसवताना काय काय हललं ते बघा. स्लिप-ऑनचा सांधा सेन्सरच्या मागे असतो, त्यामुळे तो थोडा गळला तरी सेन्सरला फारसा फसवत नाही. पण बसवणाऱ्याने सायलेन्सर आत जात नाही म्हणून बेंड पाइपला हिसके दिले असतील, तर हेडजवळचं पॅकिंग दबून निकामी होतं. सकाळी थंड गाडी चालू करून, ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर अर्धवट दाबा आणि हेडजवळ कान द्या. फुसफुस ऐकू आली तर चोर सापडला. पाइप तापायच्या आत हे करा, नाहीतर हात भाजेल.

फटाक्यांचं मूळही बहुधा इथेच. रेस एकदम सोडली की ईसीयू इंजेक्टर बंद करतो, पण पूर्ण बंद व्हायच्या आधी आणि परत सुरू होताना थोडं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत धूर साफ व्हावा म्हणून एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. गरम पाइप, न जळलेलं पेट्रोल, ताजी हवा, म्हणजे फटाका होणारच. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये तो आतल्या आत विरतो, फ्री-फ्लोमध्ये ऐकू येतो. थोडी पटपट ही तक्रारच नाही. ठो-ठो आवाज येत असेल तर सांधा गळतोय. काही मुलं मुद्दाम 'पॉप्स अँड बँग्ज' मॅप मागतात, ठिणगी उशिरा टाकून पेट्रोल पाइपात जाळणारा. मी करत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या उष्णतेने वितळतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हही नाहक भाजतो.

दुसरं, झटका नेमका कुठून येतो ते ओळखा. सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवर रेस अगदी स्थिर धरा. स्थिर रेसवर गाडी सुरळीत जाते आणि फक्त उघड-मीट करताना हिसका देते, तर आधी चेन बघा. तीस हजारांवर चेन सेट ताणलेला असणार, एका जागी घट्ट, एका जागी ढिला. मागच्या हबमधले रबर दबलेले असतील तर चाक आणि स्प्रॉकेट यांच्यात मोकळीक येते. हाताने स्प्रॉकेट मागे-पुढे हलवून बघा. या दोन गोष्टी नीट केल्यावर 'रीमॅप एकदम मस्त झाला' म्हणणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहेत. मॅपला मी बोटही लावलेलं नव्हतं.

आणि स्थिर रेसवरही गाडी उचक्या देत असेल, तर प्लग, टॅपेट, थ्रॉटल बॉडीतली काजळी, आणि बॅटरी. बॅटरीचं नाव ऐकून लोक हसतात. इंजेक्टरला करंट दिल्यापासून सुई प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वाया जातो, आणि व्होल्टेज घसरलं की तो वाढतो. ईसीयूकडे याची भरपाई करणारा तक्ता असतो, पण बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल तर व्होल्टेज क्षणाक्षणाला नाचतं आणि भरपाईही नाचते. हळू चालीत अख्खा फवाराच तीन-चार मिलिसेकंदांचा. त्यात दशांश मिलिसेकंद इकडे-तिकडे झाला की तीन टक्के गेलेच.

किती बारीक काम आहे याचा हिशेब करून बघा. ताशी ८० ला पाच हजार आरपीएम आणि ॲव्हरेज २८ धरा. मिनिटाला साधारण ४८ मिलिलिटर पेट्रोल जळतं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक फवारा, म्हणजे मिनिटाला अडीच हजार फवारे. एका फवाऱ्याच्या वाट्याला ०.०१९ मिलिलिटर आलं. औषधाच्या ड्रॉपरमधला एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे थेंबाच्या निम्म्याहूनही कमी पेट्रोल, आणि मॅपमधला पाच टक्क्यांचा फरक हा त्याचाही विसावा भाग. हे अंतर डोळ्याने, कानाने, प्लगच्या रंगाने ठरवता येत नाही. आणि तुमची गाडी न बघता दुसऱ्या गावी बसून तर मुळीच नाही.

'कंपनीने गाडी लीन ठेवलीय, म्हणून रीमॅप लागतोच' हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच. अर्धं खरं आहे. रोजच्या चालीत गाडी लॅम्डा १ वर असते, ती लीन नाही. पण मोठा एक सिलिंडर, ८९ मिलिमीटरचा पिस्टन, हळू आरपीएमला लॅम्डा १ वर थोडा खरखरीत चालतो, ०.९५ वर मऊ चालतो, हे मात्र खरं. म्हणून काहीजण लॅम्डा सेन्सर बंद करून त्या भागात पेट्रोल वाढवतात आणि गाडी खरंच गुळगुळीत होते. त्याची किंमत ॲव्हरेज आणि पीयूसी अशा दोन ठिकाणी मोजावी लागते. आणि मोठा एक सिलिंडर चौथ्या गिअरमध्ये अडीच हजारांवर ओढायची सवय असेल, तर कुठलाही मॅप ती फेडणार नाही. खाली एक गिअर टाका. पुढचा स्प्रॉकेट एक दात कमीचा लावला तरी गावात बराच फरक पडतो, आणि तो खर्च रीमॅपच्या पासंगालाही पुरणार नाही.

ॲव्हरेजबद्दल. सगळा दोष सायलेन्सरवर टाकू नका, पंपावरचं पेट्रोलही बदललंय. शुद्ध पेट्रोलला एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते. दहा टक्के इथेनॉल मिसळलं की १४.१, वीस टक्क्यांना १३.५. म्हणजे ई१० वर बसवलेल्या तक्त्याला ई२० पाजलं, तर तेवढ्याच हवेला सुमारे चार टक्के पेट्रोल जास्त लागतं. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते भरून काढतो, म्हणून गाडी चालते नीट पण पिते जास्त. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा. ई१० वरून ई२० वर आलं की तीन-चार टक्के ॲव्हरेज असंच जातं, २८ चं २७ होतं. उरलेल्या तीन किलोमीटरांचा हिशेब मात्र तुमच्याकडेच आहे. नवीन सायलेन्सरचा आवाज आवडला की उजवा हात आपोआप जड होतो. माझाही झाला होता.

याच कारणाने ट्यूनरशी बोलताना एक गोष्ट बघा. तो 'एएफआर तेरा' (एएफआर म्हणजे हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण) म्हणतो की 'लॅम्डा ०.८८', ते ऐका. एएफआरचा आकडा पेट्रोलप्रमाणे बदलतो, लॅम्डाचा बदलत नाही. १४.७ हा आकडा पाठ करून ई२० वर काम करणारा माणूस चुकेलच असं नाही, कारण मीटरही आत लॅम्डाच मोजतं आणि १४.७ ने गुणून दाखवतं. पण हे त्याला ठाऊक आहे का, एवढं विचारून बघायला हरकत नाही.

आता डबी की रीमॅप. पिगीबॅक म्हणजे ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसणारा दलाल. ईसीयूने तीन मिलिसेकंद सांगितले की तो सव्वातीन करून पुढे पाठवतो. काही डब्या इंजेक्टरला हात न लावता लॅम्डा सेन्सरचा सिग्नलच थोडा खोटा करतात, म्हणजे वाढप्यालाच फितवतात. डायनोजेटचा पॉवर कमांडर किंवा बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक ही ऐकलेली नावं. फायदा असा, की काढली की गाडी होती तशी. वॉरंटीतल्या गाडीला, किंवा ज्याला हळूहळू शिकत जायचंय त्याला ती बरी. तोटा असा, की लॅम्डा सेन्सर चालू ठेवून इंजेक्टरचा वेळ वाढवला तर क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू तेवढंच पेट्रोल मागून काढून घेतो. दोघांची रस्सीखेच चालते आणि तुमचे झटके होते तिथेच राहतात. पूर्ण रेसवर मात्र फरक दिसतो.

रीमॅप म्हणजे ईसीयूतला तक्ताच बदलणं. चांगल्या माणसाने केला तर हाच खरा उपाय, कारण पेट्रोलबरोबर ठिणगीची वेळ, थ्रॉटल किती वेगाने उघडावा, रेस सोडल्यावर पेट्रोल कधी तोडावं, हे सगळं हाती येतं. २०१७ पासूनच्या ३९० ला थ्रॉटलची केबल नाही, मनगट आणि बटरफ्लाय यांच्यामध्येही एक तक्ताच आहे. पुष्कळ 'रीमॅप' एवढाच असतो, की तो तक्ता उतावळा केला. मूठ पाव फिरवली की बटरफ्लाय अर्धा उघडतो. 'पिकअप वाढला भाऊ' म्हणत गिऱ्हाईक खूश. ताकद तेवढीच, फक्त लवकर दिली. आणि तुमच्यासारख्या झटक्यांच्या गाडीला हा उतावळेपणा दिला तर झटके दुप्पट.

ठिणगीच्या वेळेबद्दल जरा कडक बोलतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या आसपास आहे. पेट्रोल चुकलं तर गाडी बहुतेक वेळा बोलते, कुरकुरते. ठिणगी दोन-तीन अंश पुढे गेली तर गाडी आधी छान पळते, मग एखाद्या मे महिन्याच्या दुपारी खंबाटकी चढताना, मागे माणूस बसलेला असताना, आत खडखड सुरू होते. फ्री-फ्लोच्या आवाजात ती ऐकू येत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांना ही खडखड पकडणारा नॉक सेन्सर नसतो. कळतं ते पिस्टनच्या कडा खाल्ल्या गेल्यावर. डायनोवर ब्रेक लावून प्रत्येक आरपीएमला टॉर्क कुठे वाढायचा थांबतो ते बघत ठिणगी लावतात, आणि त्याच्याही एक-दोन अंश मागे ठेवतात. ज्याच्याकडे डायनो नाही त्याने ठिणगीच्या तक्त्याला हात लावू नये. रेव्ह लिमिट, म्हणजे कमाल आरपीएमची मर्यादा, वाढवणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करा.

पाच हॉर्सपॉवरचं म्हणाल तर, ही गाडी क्रँकवर ४३ च्या घरात. चाकावर येईपर्यंत गिअरबॉक्स आणि चेन यांत जाऊन ३६ ते ३८ उरतात. स्लिप-ऑन, फिल्टर आणि नीट केलेला मॅप यांतून माझ्या डायनोवर वरच्या टोकाला दीड-दोन मिळालेत, मधल्या पट्ट्यात थोडं जास्त. पाच म्हटलं की मी विचारतो, कोणत्या करेक्शनने? डायनो प्रत्यक्ष आकडा मोजतो आणि हवामानाप्रमाणे दुरुस्त करून छापतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीत २५ अंश आणि ९९ किलोपास्कल दाब धरतात. दुसरी जुनी 'स्टँडर्ड' पद्धत सुमारे साडेपंधरा अंश आणि समुद्रसपाटीचा दाब धरते, तिचा आकडा साधारण चार टक्क्यांनी फुगतो. आधीचा ग्राफ एसएईमध्ये, नंतरचा स्टँडर्डमध्ये छापला, की ३७ चे साडेअडतीस होतात, गाडीला स्क्रू ड्रायव्हरही न लावता. दोन्ही ग्राफच्या कोपऱ्यात काय छापलंय ते वाचा. त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून दोन्ही घेतलेत का, तेही विचारा.

नीट काम कसं दिसतं, ते सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवतात. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल भरताना, बॅटरीला चार्जर लावतात, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडतो आणि गाडी ढकलत न्यावी लागते. बेंड पाइपला वाइडबँड बसवतात. मग मूळ मॅपवरच एक रन. याला आम्ही कोरी पाटी म्हणतो. त्यानंतर ब्रेकवाल्या डायनोवर एकेक रकाना स्थिर धरून लॅम्डा बघतात: १० टक्के थ्रॉटल, ३००० आरपीएम, आकडा स्थिरावू दे, लिही, पुढे. एखादा रकाना एकटाच उंच दिसला तर तिथे पेट्रोल ओतत नाहीत, मोजण्यात काय चुकलं ते शोधतात. खरी हवा शेजारच्या रकान्यांत अशा उड्या मारत नाही. यातच अर्धा दिवस जातो.

आणि एवढं करूनही झटक्यांचं काम रस्त्यावरच संपतं. रेस एकदम उघडली की फवाऱ्यातलं थोडं पेट्रोल इनटेकच्या भिंतीला चिकटतं आणि त्या एका ठोक्याला इंजिन उपाशी राहतं. कार्ब्युरेटरमध्ये याला ॲक्सिलरेटर पंप असायचा, इथे ज्यादा फवाऱ्याचा वेगळा तक्ता असतो. स्थिर डायनोवर तो दिसत नाही. मी लॅपटॉप बॅगेत टाकून कात्रजच्या चढावर दोन-तीन फेऱ्या मारतो.

गोव्याला जायचा बेत असतो, तिथे काही फरक पडेल का, असा विचारलेला उपप्रश्न: कराड साडेपाचशे-सहाशे मीटरवर, आंबोली उतरून खाली गेलात की हवेचा दाब सहा-सात टक्क्यांच्या आसपास वाढतो. मूळ ईसीयू दाबाचा सेन्सर बघून हे सांभाळतो. कुरिअरच्या फाइलमध्ये ती भरपाई शाबूत ठेवलीय का, हे कोणी सांगत नाही.

कायद्याचं एकदाच. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळीच दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन तीन महिने गेलं. कंपनीचा सायलेन्सर विकला नसेल तर जपून ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आधी कंपनीचा सायलेन्सर आणि फिल्टर नवीन पॅकिंगसह परत बसवून एक आठवडा चालवतो. झटके तसेच राहिले तर दोष फ्री-फ्लोचा नव्हताच, चेन, हबचे रबर, प्लग, टॅपेट या क्रमाने जातो. झटके गेले तर एकेक वस्तू परत लावतो, आधी फक्त फिल्टर, चार दिवसांनी सायलेन्सर. फिल्टर बसवताना एअरबॉक्सच्या झाकणाखालचा रबर नीट बसलाय आणि तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर टक करून लागलाय, हे बघतो. हे सगळं करून गाडी निर्दोष झाली आणि तरीही वरच्या आरपीएमला आणखी काही हवं असं वाटलं, तर मग रीमॅप, डायनो असलेल्या माणसाकडे, समोर उभं राहून.

त्याच्याकडे जाण्याआधी गाडीच्या डायग्नोस्टिक कनेक्टरला बसणारी केबल आणि ईसीयूतले आकडे फोनवर दाखवणारी ब्लूटूथ ओबीडी डबी मिळाली तर एक लॉग घ्या: आरपीएम, थ्रॉटल, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम, बॅटरी व्होल्टेज. अर्धा तास पुरे, त्यात गावातली रहदारी आणि हायवेवरची स्थिर चाल दोन्ही असू द्या. ट्रिम सगळीकडे पाच टक्क्यांच्या आत असेल, तर तुमचा मॅप ठीक आहे. एकाच पट्ट्यात पंधरा-वीस टक्के अधिक दिसलं, तर आधी हेडजवळचं पॅकिंग परत तपासा. लॉग घेताना टाकी निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा आणि पेट्रोल कोणत्या पंपाचं, साधं की प्रीमियम, ते सोबत लिहून आणा.